ओल्या नमुन्यावरची सही

मी एक जुनं प्रोफाइल आहे. मित्रांनो, हसू नका. जुनी छत्री बोलायला लागली, जुना पूल आपली दुखणी सांगायला लागला, की तुम्ही गालावर हात ठेवून ऐकता. मग माझंही ऐका. मला गंज चढत नाही, माझ्यावर धूळ बसत नाही, पण म्हणून माझं काही दुखत नाही असं समजू नका.

मी म्हणजे कामाच्या माणसांसाठी असलेल्या एका वेबसाइटवरचं एक पान. वर फोटो, खाली नाव, त्याखाली हे माणूस काय काम करतं आणि किती वर्षं करतं, आणि अगदी शेवटी, त्याच्याबद्दल चार लोक काय चांगलं बोलतात. ज्यांना काम हवं असतं ते माझ्यासारखी पानं लिहितात. ज्यांना माणूस हवा असतो ते ती वाचतात. बस, एवढ्यासाठीच आमचा जन्म.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. ज्या पडद्यावर मला कोणी उघडतं, त्या पडद्यासमोरची खोली मला दिसते आणि तिथलं बोलणं ऐकू येतं. हे माणसांना ठाऊक नाही. म्हणून तर मला इतकं सगळं कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.

माझा जन्म एका रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर झाला. टेबलावर फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलेलं होतं, त्याचा एक कोपरा गरम भांड्याने वितळला होता. समोर दोघी बसल्या होत्या. एक माझी मालकीण, वय अठ्ठेचाळीस. दुसरी तिची भाची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली, मावशीकडेच राहणारी. मालकीण रंगाच्या कारखान्यात काम करायची. घरांच्या भिंतींना देतात ना, तो रंग. तो कारखाना चार महिन्यांनी बंद होणार होता. नोटीस लागली होती. मालकिणीने आयुष्यात एकदाच नोकरी मागितली होती, तीही बावीस वर्षांपूर्वी, थेट कारखान्याच्या फाटकातून आत जाऊन. आता पुन्हा मागायची म्हणजे काय करायचं, हे तिला कळेना. भाची म्हणाली, मावशी, आता फाटकातून कोणी आत घेत नाही, आता प्रोफाइल लागतं.

माझ्या फोटोसाठी तिने भाचीच्या नाकी नऊ आणले. भाची म्हणे, इथे भिंतीला टेकून उभी राहा. मालकीण म्हणे, इथे नको, या भिंतीचा पिवळा माझ्या गालावर पडतोय. घरातल्या सगळ्या भिंती झाल्या. एकीचा हिरवा मारत होता, एकीवर ट्यूबलाइटचा निळा येत होता. शेवटी गॅलरीच्या दारात, ढगाळ उजेडात फोटो निघाला. तो अजून माझ्या डोक्यावर आहे. त्यात ती हसत नाहीये, पण डोळे बघा तिचे. एवढे स्वच्छ डोळे मी नंतर फार थोड्या फोटोंत पाहिले.

मग मजकूर. भाचीने लिहिलं, मेहनती, उत्साही, सर्वांना सोबत घेऊन काम करणारी. मालकिणीने वाचलं आणि नाक मुरडलं. हे काय, म्हणाली, हे तर कोणीही लिहील, मी काय करते ते लिही ना. आणि तिने बोटं टेबलावर ठेवून सावकाश सांगितलं. भाचीने जसंच्या तसं उतरवलं. माझा खरा जन्म मी तो धरतो. तो मजकूर मला तोंडपाठ आहे, कारण तो म्हणजेच मी:

'मी रंगाची शेड डोळ्यांनी जुळवते. प्रत्येक नमुना तीन उजेडांत बघते: खिडकीच्या, ट्यूबलाइटच्या आणि पिवळ्या बल्बच्या. ओल्या रंगावर विश्वास ठेवत नाही. दर दोन नमुन्यांनंतर राखाडी पुठ्ठ्याकडे बघून डोळे धुऊन घेते, कारण थकलेला डोळा सगळ्याला हो म्हणतो.'

तुम्हाला हे नीट समजावं म्हणून सांगतो. गिऱ्हाईक एक तुकडा आणून देतं आणि म्हणतं, असाच रंग हवा. मालकीण पांढऱ्या रंगात थेंब थेंब काळा, पिवळा, तांबडा घालून तो रंग बनवायची, पुठ्ठ्यावर पट्टी ओढायची आणि ती वाळू द्यायची. ओला रंग वेगळा दिसतो, वाळला की गडद होतो. म्हणून तिच्या लॅबचा एक कडक नियम होता: नमुना पूर्ण वाळला, तीन उजेडांत पाहिला, की मगच मागच्या बाजूला सही करायची. तिची सही झाली की हजार डबे भरायला सुरुवात. सही चुकली तर हजार डबे चुकले. आणि चुकलेला नमुना फाडून टाकायचा नाही, असाही तिथला नियम होता. तो सगळ्यात वरच्या फळीवरच्या एका फाइलमध्ये लावायचा आणि त्याखाली तारीख घालून लिहायचं, काय चुकलं आणि सही कोणाची होती. बावीस वर्षांत त्या फाइलमध्ये मालकिणीच्या सहीचे तीन नमुने गेले होते. तिन्ही बल्बच्या उजेडात चुकलेले. ओल्यावर केलेली सही एकही नव्हती.

सुरुवातीचे दिवस मोठे मजेचे होते. कारखान्यातले लोक येऊन मला बघून जायचे. जुन्या डिलिव्हरीवाल्याने लिहिलं, ताईंची सही असलेला डबा कधी परत आला नाही. वेबसाइट मला सांगायची, या आठवड्यात तुला अकरा जणांनी पाहिलं. मी फुलून जायचो. मालकीण मात्र मला उघडताना चष्मा पुसायची, एका बोटाने टाइप करायची आणि प्रत्येक अक्षरानंतर वर बघायची.

आता झटपट येते. लॅबमध्ये मालकिणीच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसणारी तिची सहकारी. वयाने दहा वर्षांनी लहान. तिला झटपट म्हणायचे कारण तिला नमुना वाळेपर्यंत दम धरवायचा नाही. केस वाळवायचा ड्रायर घेऊन यायची आणि फुर्रर्र करून पट्टी वाळवायची. गरम हवेने वाळलेला रंग जरा वेगळाच येतो, हे मालकिणीने तिला शंभरदा सांगितलं असेल. झटपट हसायची आणि ड्रायर ड्रॉवरमध्ये टाकायची. पण स्वभावाने गोड. मालकीण आजारी पडली तेव्हा पंधरा दिवस दोघींचं काम तिने एकटीने ओढलं. दोघी रोज एकाच डब्यात हात घालून जेवायच्या. ती पहिल्यांदा लॅबमध्ये आली तेव्हा मालकिणीने आपला राखाडी पुठ्ठा कात्रीने अर्धा करून तिला दिला होता. घाईत कापल्यामुळे कड वाकडी आली होती. झटपट तो अर्धा पुठ्ठा नेहमी खिशात ठेवायची.

एका शनिवारी संध्याकाळी झटपट घरी आली. स्वतःचा लॅपटॉप घेऊन, त्याच फुलाफुलांच्या टेबलावर बसली. तिचं प्रोफाइल माझ्यापेक्षा जुनं, पाचशे ओळखींचं, चकचकीत. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, ताई, मजकूर झकास आहे, पण लॅबमधल्या कोणाची शिफारस कुठे आहे, शिफारशीशिवाय आजकाल कोणी ढुंकून बघत नाही. तू माझ्याबद्दल लिही, मी तुझ्याबद्दल लिहिते, आपण अकरा वर्षं शेजारी बसलो, आपल्याशिवाय कोण लिहिणार? मालकिणीला पटलं. पण एका बोटाने लिहायचं म्हणजे रात्रच झाली असती. तेव्हा झटपटच म्हणाली, थांब, दोन्ही मीच लिहिते, तू फक्त बटण दाब.

माझ्याबद्दलची शिफारस तिने मोठ्याने वाचून दाखवली. 'अशी नजर मी दुसरी पाहिली नाही. यांच्या शेजारी बसून मी रंग बघायला शिकले.' मालकिणीचे डोळे भरून आले. ती शिफारस माझ्या अंगावर आली आणि मलाही, खरं सांगतो, धन्य वाटलं.

मग झटपटने दुसरी शिफारस वाचायला घेतली, जी मालकिणीच्या नावाने झटपटच्याच पानावर जायची होती. दोन वाक्यं वाचली. तेवढ्यात चहा उतू गेला. मालकीण धावली. स्वयंपाकघरातून गॅस पुसता पुसता म्हणाली, टाक गं, तूच लिहिलंस ना, त्यात मी काय वाचायचं! झटपट म्हणाली, ताई, बटण तुलाच दाबावं लागेल, तुझ्या नावाने जायला हवं. मालकीण पदराला हात पुसत आली आणि उभ्या उभ्याच तिने बटण दाबलं. मजकूर माझ्यातून निघून तिच्या पानावर गेला. त्यात काय होतं ते मीही पाहिलं नाही. मी माझी शिफारस पुन्हा पुन्हा वाचण्यात दंग होतो. तो दोष माझाही आहे.

दोन आठवड्यांनी मला एक जाहिरात आली. बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे दुसरा एक रंगाचा कारखाना होता. त्यांना शेड जुळवणारं अनुभवी माणूस हवं होतं. एकच जागा. मालकिणीचा आनंद पोटात मावेना. रोज बसने जाता येईल असा दुसरा रंगाचा कारखानाच त्या भागात नव्हता. ही जागा मिळाली नाही तर डोळ्यांचं काम संपलं, मग कुठल्या तरी दुकानात गल्ल्यामागे उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने ही जाहिरात मोबाइलवर झटपटला दाखवली आणि म्हणाली, तूही अर्ज टाक, दोघींपैकी एकीला तरी मिळेल. झटपटने मोबाइल परत तिच्या हातात दिला.

"ताई, ही जागा तुझीच आहे. मी तुझ्या वाटेत नाही यायची."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मालकिणीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच दुपारी, चार वाजता, लॅबच्या कॉम्प्युटरवर झटपटने मला उघडलं. एकटीच होती. ती माझा मजकूर बराच वेळ वाचत होती. मला वाटलं, आवडीने वाचतेय. मग पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत माझ्यावर निळी पट्टी पडली. कोणीतरी सगळं अंग एकदम चाचपावं तसं वाटलं. मी मनाला समजावलं, मालकिणीसाठी कागदावर छापून घेत असेल. इतका मी भाबडा.

मालकिणीने अर्ज लगेच टाकला नाही. बुधवारी लिहिला आणि म्हणाली, दोन दिवस राहू दे तसाच, मग शांतपणे वाचते. शुक्रवारी भाचीसोबत तीनदा वाचला आणि पाठवला. सवयच तिची तशी. सोमवारी मुलाखतीचं बोलावणं आलं. भाचीने तिचे बूट चमकवले, मालकिणीने राखाडी पुठ्ठा पर्समध्ये ठेवला.

नव्या कारखान्याच्या मॅनेजरच्या खोलीत पडदा मोठा होता आणि त्यावर मी उघडलेला होतो. मालकीण खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. मॅनेजर सभ्य माणूस होता, पन्नाशीचा, केस पांढरे, बोलणं हळू. त्याने तिला पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. मग माझ्या शेजारी आणखी एक पान उघडलं. ते झटपटचं होतं.

मित्रांनो, मी शेजारी पाहिलं आणि मला मीच दिसलो. तीन उजेड, ओला रंग, राखाडी पुठ्ठा, डोळे धुऊन घेते, थकलेला डोळा. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. फक्त फोटो दुसरा होता.

मॅनेजर म्हणाला, हा अर्ज आमच्याकडे मंगळवारी आला, तुमचा शुक्रवारी. मालकीण पडद्याकडे बघत राहिली. तिला आधी वाटलं, काहीतरी तांत्रिक गोंधळ झालाय. मग ती म्हणाली, साहेब, हे शब्द माझे आहेत, मी सांगितले आणि माझ्या भाचीने लिहिले. मॅनेजरने मान हलवली. मलाही तसंच वाटलं असतं, तो म्हणाला, तुमच्या पानावर तीही म्हणते की ती तुमच्याकडून शिकली, पण हे बघा. त्याने झटपटचं पान खाली सरकवलं. तिथे एक शिफारस होती, खाली माझ्या मालकिणीचं नाव आणि माझा तो ढगाळ उजेडातला फोटो. मॅनेजरने वाचून दाखवलं.

"अकरा वर्षं शेजारी काम केलं. मनमिळाऊ आणि तत्पर. तीन उजेडांची आणि राखाडी पुठ्ठ्याची पद्धत हिनेच आमच्या लॅबमध्ये आणली. मी वयाने मोठी असूनही हे सगळं तिच्याकडूनच शिकले."

मालकिणीचा हात पर्सवर होता आणि पर्समध्ये तो अर्धा पुठ्ठा होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण पानांना ओरडता येत नाही.

"हे तुम्ही लिहिलंय?" मॅनेजरने विचारलं.

"लिहिलं तिने. पाठवलं मी."

"न वाचता?"

आता बघा तिची कोंडी. वाचून पाठवलं म्हणावं, तर आपल्या पद्धतीवरचा हक्क आपणच सोडला. न वाचता पाठवलं म्हणावं, तर जिचं सगळं कामच सहीचं आहे, ती डोळे मिटून सही करते हे कबूल केल्यासारखं झालं. खोटं बोलली असती तर कदाचित सुटली असती. पण तिला ते जमत नाही.

"न वाचता," ती म्हणाली.

मॅनेजरने दोन्ही पानं बंद केली नाहीत, नुसता माउस बाजूला ठेवला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. म्हणाला, बाई, मला तुमच्यावर संशय घ्यायचा नाही, पण मग हजार डब्यांवर तुमची सही मी कशाच्या भरवशावर चालवू? ती म्हणाली, बरोबर आहे तुमचं. आणि उठली. एक नमुना द्या, जुळवून दाखवते, असंसुद्धा म्हणाली नाही. मला तिचा इतका राग आला. बोल ना गं! बावीस वर्षं काय तोंड शिवून काढलीस का!

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. मोबाइलवर झटपटचं पान उघडून तिच्यासमोर ठेवलं. वेबसाइट मालकिणीच्या नावाने उघडलेली, म्हणून मीही तिथेच होतो. झटपटने पाहिलं आणि घास खाली ठेवला.

"ताई, मी तुला वाचून दाखवत होते. तूच उठून गेलीस."

"तू थांबली का नाहीस?"

"तुला कुठेही घेतील गं. तुझे डोळे आहेत." झटपटचा आवाज फाटला. "माझ्याकडे काय आहे? अकरा वर्षांत मला ती नजर आली नाही, तुला माहीत आहे. तू नसतीस तर माझा एकही नमुना पास झाला नसता. मला कोण घेणार होतं?"

खरं होतं ते. तेच तर सगळ्यात वाईट. तिने मालकिणीचा केसाने गळा कापला, आणि कापताना तिला मालकिणीची किंमत पक्की ठाऊक होती. मालकिणीने मोबाइल उचलला आणि एवढंच म्हणाली, "मागितलं असतंस तर मी ती जागा सोडली असती." मग ती हात धुवायला गेली आणि सुट्टी संपेपर्यंत परत आली नाही.

भाचीला कळलं तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं. तिने मला उघडलं, एक बटण शोधून काढलं आणि मावशीला बोलावलं. आपण दिलेली शिफारस मागे घेता येते, मित्रांनो. एक बटण दाबलं की ती झटपटच्या पानावरून गेली असती. भाची म्हणाली, हे दाब आणि त्या मॅनेजरला सगळं लिहून पाठव, नाहीतर मी सगळ्यांसमोर लिहिते, तिची नाचक्की होऊ दे. मालकिणीने चष्मा काढला.

"चुकलेला नमुना आपण फाडत नाही," ती म्हणाली.

"हा रंग नाहीये, मावशी! ही तुझी नोकरी आहे."

"सही माझी आहे."

भाची दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मीही मनात अबोलाच धरला होता. झटपटने मला चोरलं हे एक वेळ मी गिळलं असतं. पण जिच्या तोंडून मी जन्मलो, तिनेही माझ्यासाठी एक बटण दाबू नये? एक ओळ लिहू नये? मला वाटलं, दोघींनी मिळून मला फसवलं.

जागा झटपटला मिळाली. तिच्या पानावर तिने ते जाहीर केलं, नव्या लॅबमधला फोटो टाकला. पांढरा कोट, मागे चकचकीत डबे, आणि हातात, कॅमेऱ्यापुढे धरलेला, तो वाकड्या कडेचा अर्धा राखाडी पुठ्ठा. तीनशे लोकांनी अभिनंदन केलं. वेबसाइटने मलाही आठवण करून दिली, तुमच्या ओळखीतल्या व्यक्तीला नवी नोकरी लागली आहे, शुभेच्छा द्या. मी काय देणार, कपाळ!

कारखाना बंद झाला. मालकीण एका रंगाच्या दुकानात लागली. तिथे एक मशीन असतं, नंबर दाबला की डब्यात आपोआप रंग पडतो. तिने फक्त नंबर दाबायचा. त्यानंतर तिने मला उघडलं नाही. आठवडे गेले, महिने गेले. पूर्वी अकरा जण बघायचे, मग चार, मग एक, मग कोणी नाही. मी त्याच ओळी घेऊन पडून राहिलो, ज्या माझ्या होत्या हे आता कोणाला सिद्धही करून दाखवता आलं नसतं. माझ्या अंगावर झटपटची शिफारस तशीच होती. 'अशी नजर मी दुसरी पाहिली नाही.' रोज ती मला वाचावी लागायची. पुसता येईना, झाकता येईना.

मग एक गंमत झाली. गंमत कसली, डागण्या. बंद कारखान्यातली नोकरी माझ्यात चालूच दाखवलेली होती, कारण ती बदलायला कोणी आलंच नव्हतं. त्यामुळे वर्ष उलटल्यावर वेबसाइटने सगळ्यांना कळवलं, यांना कामावर तेवीस वर्षं पूर्ण झाली, अभिनंदन करा. आणि एक अभिनंदन आलं. एका बटणाचं, तयार शब्दांचं. झटपटकडून.

त्याच्याखाली दहा मिनिटांनी तिचं स्वतःचं लिहिलेलं आलं. 'ताई, रागावली नाहीस ना? एक राखाडी जुळत नाहीये. खिडकीत बरोबर दिसतो, बल्बखाली तांबडा मारतो. ड्रायरने वाळवून पाहिलं तरी तेच. या आठवड्यात बॅच भरायची आहे. काय करू ते सांग ना. तुझ्याशिवाय कोणाला विचारू?'

निरोप आल्याची खूण मालकिणीच्या मोबाइलवर गेली असणार. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी, दुकान उघडायच्या आधी, तिने मला उघडलं. मला दुकान पहिल्यांदाच दिसलं. अर्धं शटर वर होतं. मागे ते मशीन होतं, त्याच्या नंबरांच्या फळ्याला बाजूने एक राखाडी पुठ्ठा चिकटपट्टीने लावला होता. दुसरा अर्धा. ती केसांनी जरा पांढरी झाली होती. डोळे तसेच.

तिने निरोप वाचला. आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "काळा चुकीचा घेतलाय हिने." एका क्षणात. नमुना न बघता. काळाही अनेक जातींचा असतो, एखादा बल्बखाली तांबडा मारतो. आता ही उत्तर लिहिणार, मला वाटलं, हिचा स्वभावच तसा, ही सांगून टाकणार आणि तिथे पुन्हा हिच्या डोळ्यांवर तिची सही होणार. मालकिणीचं बोट अक्षरांवर येऊन थांबलं. खूप वेळ थांबलं. बाहेर कोणीतरी शटर वाजवलं, दोन डबे पांढरा हवाय म्हणाला. तिने त्याला थांबायला सांगितलं.

मग तिने निरोप बंद केला आणि माझ्याकडे आली. माझ्या मजकुरावर पुन्हा निळी पट्टी पडली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. तिने तो पुसला. सगळा. तीन उजेड, राखाडी पुठ्ठा, सगळं गेलं. मी कोरा झालो. आणि त्या जागी एका बोटाने, चष्मा पुसत, प्रत्येक अक्षरानंतर वर बघत, तिने एकच ओळ लिहिली. खाली तारीख घातली, आम्ही बटण दाबलं होतं त्या शनिवारची. लिहून झाल्यावर लगेच पाठवली नाही. गिऱ्हाइकाला दोन डबे देऊन आली, गल्ला पुसला, परत येऊन पुन्हा वाचली. मग बटण दाबलं.

'बावीस वर्षांत मी ओल्या नमुन्यावर एकदाच सही केली.'

दुसऱ्या कोणाला यातलं काही कळणार नाही. पण त्याच दुपारी झटपटने मला उघडलं. नव्या लॅबमध्ये, पांढऱ्या कोटात. ती ओळ तिने वाचली आणि तिचा हात आपोआप कोटाच्या खिशावर गेला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. परवाही आली. ती काही लिहीत नाही, वाचते आणि जाते. तिचा निरोप माझ्यात उत्तराविना पडून आहे आणि त्याखाली 'पाहिलं' अशी खूण आहे, ती तिला रोज दिसते.

माझ्या मालकिणीवरचा माझा राग त्या दिवशी गेला. तिने त्या फाइलचा नियम पाळला होता. चूक फाडली नाही, लपवली नाही, आपल्या नावाखाली लावून ठेवली. झटपटवरचा राग मात्र अजून आहे. तो वाळला तसा गडदच होत गेला.

मित्रांनो, उद्या तुमचीही अशी पानं होतील. त्यात तुमचे शब्द असू देत, ओबडधोबड असले तरी चालतील. कोणी किती का जवळचं असेना, त्याने लिहिलेल्या मजकुराखाली तुमचं नाव घालण्याआधी तो शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. चहा उतू जात असेल तर जाऊ द्या. गॅस नंतर पुसता येतो.